वाईचा वाडा: सिमेंटचा गिलावा फुगतोय

प्रश्न: दगड-विटांच्या भिंती, चुन्यातलं बांधकाम. खालच्या तीन फुटांत सिमेंटचा गिलावा सुटतोय. वॉटरप्रूफिंग मारू का?

उत्तर १: अजिबात नको. जोत्यातून चढलेली ओल चुन्यातून बाहेर पडते. सिमेंट ती कोंडतं, मग क्षार आतून गिलावा ढकलतात. ओलीच्या रेषेच्या फूटभर वरपर्यंत सिमेंट छिन्नीनं काढा, सांधे खरवडा, भिंत वाळू द्या. मग नवा गिलावा चुन्याचा: एक भाग चुना, तीन भाग धुतलेली वाळू. चुन्याची कळी (भाजलेल्या चुनखडीचे खडे) निदान पंधरा दिवस भिजलेली हवी. कच्चा कण राहिला की फोड येतात. थर १० ते १२ मिमी, वर आठवडाभर पाणी शिंपडा.

उत्तर २: आधी पन्हळ बघा. पागोळ्या जोत्यावर पडत असतील तर चुनाही टिकणार नाही. आणि रंग ऑइलपेंट नको, चुन्याची सफेदीच.

प्रश्नकर्ता: पन्हळ फुटकीच आहे!