तिएग्वानयिन कडू होतोय? पाणी गारच नको, वेळ कमी करा

चहा कडू झाला की ८० अंशांचं पाणी घ्या, असं काही जण सुचवतात. ते ग्रीन टीला ठीक. तिएग्वानयिन हा चीनच्या फुजिआन प्रांतातल्या आन्शीचा ऊलाँग, म्हणजे ग्रीन आणि काळ्या चहाच्या मधला प्रकार. त्याची पानं घट्ट वळून गोळ्या केलेल्या असतात. कमी गरम पाण्यात त्या नीट उलगडत नाहीत, फुलांचा वास आतच राहतो. ९५ अंश हवंच.

११० मिलीच्या गायवानला, म्हणजे झाकणाच्या वाटीला, ७ ग्रॅम पत्ती. कमी वाटली तरी वाढवू नका, तिसऱ्या पाण्याला पानं झाकणाला टेकतात. पहिलं पाणी ५ सेकंदांत फेकून द्या आणि झाकणाची आतली बाजू हुंगा: ऑर्किड, मागून ताजं लोणी. मग पुढच्या तीन पाण्यांना २०, १५, २० सेकंद. दुसऱ्यांदा कमी, कारण गोळी तोवर सुटलेली असते.

कडूपणा बहुतेकदा तळाशी राहिलेल्या घोटभर पाण्यातून येतो. पानं त्यातच मुरत बसतात. शेवटचा थेंब निथळवा आणि झाकण किंचित सरकवून ठेवा, नाहीतर पानं वाफेत शिजतात.

हिरवट, कमी भाजलेला प्रकार असेल तर पाकीट फ्रीजमध्ये. फोडायच्या आधी मात्र ते खोलीइतकं कोमट होऊ द्या, आत दव धरलं की वास गेलाच. दुधाचं विचारूच नका.