माळ्यावरची जुनी दारू

आजोबांच्या ठासणीच्या बंदुकीची दारू आवराआवरीत सापडली तर पाण्यात कालवून परसात ओतावी, असा सल्ला काही जण देतात. कृपया तसं करू नका. ही काळी दारू म्हणजे साधारण ७५ टक्के सोरा (पोटॅशियम नायट्रेट), १५ टक्के कोळसा, १० टक्के गंधक. पाण्यात सोरा विरघळतो खरा, पण गुठळ्यांच्या आत दारू कोरडी राहू शकते. शिवाय ‘इतकी जुनी, आता मेली असेल’ हा समज फार घातक आहे. बंद डब्यात ती कित्येक दशकं तशीच राहते, आणि गंजलेलं झाकण पिळताना पडलेली ठिणगी पुरते. सोबत केपांची, म्हणजे बंदुकीची दारू पेटवणाऱ्या छोट्या टोप्यांची, डबी असेल तर जास्तच जपा, त्या नुसत्या आघातानं उडतात. काडतुसांतली बिनधुराची दारू मात्र जुनी होताना खराब होते. उग्र आंबूस वास किंवा तांबूस वाफ आली, तर ती दारू आपोआप तापून पेटू शकते.

डबा हलवू नका, उघडू नका. मुलांना लांब ठेवा, ११२ला फोन करा. परवान्याच्या भीतीनं लोक गप्प बसतात, पण परवानाधारक वारल्यावर वारसांनी शस्त्र आणि दारूगोळा पोलीस ठाण्यात जमा करण्याची तरतूद शस्त्र अधिनियम १९५९च्या कलम २१ मध्येच आहे.