चाकांऐवजी रबरी पट्ट्याचा ट्रॅक्टर घेतला तर रान दबायचं थांबेल का?

काळंरान: वाळवा तालुका, ६ एकर ऊस, भारी काळी जमीन. तोडीच्या तोंडावर अवकाळी झाला, तरी भरलेली ट्रॉली रानातनं काढावी लागली. आता खोडव्यात (तोडलेल्या बुडख्यांतून फुटलेल्या उसात) चाकोरीच्या सऱ्यांत पाणी दोन-दोन दिवस तुंबतंय, फुटवे निम्मेच. विक्रेता म्हणतो पट्ट्याचा ट्रॅक्टर घ्या, प्रश्न मिटला. घ्यावा का?

धानवाला_भंडारा: आमच्याकडे चिखलातला धान चेनच्या, म्हणजे पट्ट्यावर चालणाऱ्या हार्वेस्टरशिवाय निघत नाही. रुतत नाही हे खरं. पण बांधाजवळ वळताना पट्टा माती पार खरवडून काढतो.

कृष्णाकाठ: दादा, हिशेब मांडा. ८ टनांचं मशीन, ४५ सेंमी रुंद दोन पट्टे, प्रत्येकी अडीच मीटर जमिनीला टेकलेले. म्हणजे चौरस सेंमीला जेमतेम ०.३६ किलो. ट्रॉलीच्या टायरात ५०-६० पीएसआय हवा, तिथं साडेतीन-चार किलो. ऐकायला भारी वाटतं. पण ०.३६ ही सरासरी झाली. वजन पट्ट्याखालच्या रोलरांवर उतरतं, तिथं दाब बराच जास्त. शिवाय पट्ट्याचा फायदा वरच्या थरापुरता. दीड-दोन फुटांखाली एकूण वजनच बोलतं.
आणि रान दाबलं ट्रॉलीनं. नव्या ट्रॅक्टरमागं तीच ट्रॉली जोडणार ना?

काळंरान: हे डोक्यातच आलं नव्हतं. मग खालचा कडक थर फोडायला सबसॉयलर (खोल जाणारा फाळ) मारू?

कृष्णाकाठ: आत्ता नको. ओल्यात फाळ माती फोडत नाही, लोणी कापल्यासारखा चिरत जातो. खोडवा निघाल्यावर रान चांगलं सुकू द्या, मग मारा. त्याआधी पाणी दिल्यावर वाफशाला (रान ना चिखल ना कोरडं असताना) पहार ठोकून कडक थर कुठं लागतो ते बघा. फाळ त्याच्या दोन-चार बोटं खाली चालला पाहिजे.

माळकरी: पुढच्या तोडीला ट्रॉली एकाच वाटेनं आत-बाहेर करा. पहिल्या फेरीतच निम्म्याहून जास्त नुकसान होऊन जातं, पुढच्या फेऱ्या त्याच चाकोरीत गेलेल्या बऱ्या. मोळ्या बांधापर्यंत वाहायला टोळी जादा पैसे मागेल. द्या. उन्हाळ्यात भेगा पडल्या की काळं रान वरवर थोडं आपोआप मोकळं होतं, पण खालचा थर तसाच राहतो.

काळंरान: पहार ठोकून आलो. शेजारच्या सरीत गुडघाभर गेली, चाकोरीत वीतभर जाऊन टणकन थांबली. विक्रेत्याला नको म्हणून कळवलं. आष्ट्याकडं सबसॉयलर भाड्यानं कोण देतं? माझा ट्रॅक्टर ३५ एचपीचा आहे.

कृष्णाकाठ: ३५ला ओढणार नाही. एका फाळाला ४५-५० तरी लागतो, ट्रॅक्टरसकटच भाड्यानं बघा.