घराकडे झुकलेले झाड : तोडावे की राखावे?

मूळ प्रश्न
भिंतीपासून ६ मीटरवरील आमचे १२ मीटर उंचीचे झाड मी पाहते तेव्हापासून घराकडे कललेले आहे. परवाच्या वादळी पावसानंतर मात्र कल वाढल्यासारखा वाटतो. घरात दोन तट पडले आहेत. माझा जीव झाडात अडकला आहे.

प्रतिसाद १
जीव झाडात अडकला तरी झोपायचे त्याच भिंतीआड आहे. हे झाड आडवे झाले तर शेंडा घरावरच येईल, त्यामुळे वाट न पाहता तोडावे.

प्रतिसाद २
केवळ कल हा गुन्हा नव्हे. उजेडाच्या ओढीने लहानपणापासून कललेले झाड पुढे शेंडा पुन्हा सरळ वर वळवते आणि कलाच्या वरच्या अंगाला ताण पेलणारे वेगळ्या जातीचे लाकूड घडवते. अशी झाडे कित्येक दशके उभी राहतात. प्रश्न कल जुना की नवा, एवढाच आहे आणि त्याचे उत्तर बुंध्याशी मिळते. कलाच्या विरुद्ध बाजूची माती उचलली गेली आहे का, बुंध्यावर अळंबी आहे का, हे वारा नसताना पाहावे.

मूळ प्रश्नकर्ती
पाहिले. अळंबी नाही, पण त्या बाजूला अर्धवर्तुळाकार भेग आहे आणि तिच्यात बोटाची दोन पेरे सहज जातात. दोन वर्षांपूर्वी नळासाठी चर खणला होता, तोही तिथूनच.

प्रतिसाद २
मग मी माझे मत बदलतो. झाडाला मागून धरून ठेवणारी मुळे त्या चरातच तुटली असणार. त्या बाजूच्या खोल्या आजच रिकाम्या कराव्यात.

प्रतिसाद ३
एवढी घाई कशाला? शेंडा उडवला तर वजन घटेल आणि झाडही वाचेल.

प्रतिसाद १
शेंडा उडवल्यावर कापापाशी कुजण सुरू होते आणि तिथून फुटणारे धुमारे वरवरच चिकटलेले असतात. तज्ज्ञाने बेताने केलेली छाटणी निराळी. पण मुळेच उचलली गेली असतील, तर तीही पुरत नाही.

प्रतिसाद २
सहमत. दोर बांधून झाड सरळ ओढू नये, उरलेली मुळेही तुटतील. जाणकार पथकाकडून वरून खाली, तुकड्यातुकड्यांनी उतरवून घ्यावे.

मूळ प्रश्नकर्ती
खोल्या रिकाम्या केल्या आहेत. पथक उद्या सकाळी पाहणीला येणार आहे.