मुलांना सांगताना जुन्या गोष्टींचे शेवट बदलावेत का?

प्रश्न

माझ्या पाच वर्षांच्या मुलीला मी रात्री चिमणी-कावळ्याची, भोपळ्यात बसून लेकीकडून परतणाऱ्या म्हातारीची, अशा घरात चालत आलेल्या गोष्टी सांगते. शेणाचे घर पावसात वाहून गेल्यावर कावळा दार ठोठावतो आणि चिमणी ‘थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालू दे’, ‘थांब, माझ्या बाळाला तीट लावू दे’ असे म्हणत त्याला ताटकळत ठेवते, याची मुलीला पूर्वी गंमत वाटे. आता मात्र ‘तो भिजतोय, मग ती दार का उघडत नाही?’ असे ती विचारते. आमच्या घरच्या गोष्टीत पुढे कावळा तापलेल्या तव्यावर बसून भाजतो. हा शेवट बदलावा, असे घरातल्या काहींचे म्हणणे आहे. आजच्या मुलांना सोसेल अशा बेताने या गोष्टी सौम्य करत गेलो, तर त्यांत टिकवण्यासारखे काय उरेल?

प्रतिसाद १

शेवट बदलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. घरात चिमणीचे बाळ आहे, दारात पिल्ले पळवणारा पक्षी उभा आहे आणि तो पक्षी थंडीने कुडकुडतोही आहे. या तिन्ही बाबी एकाच वेळी खऱ्या आहेत, म्हणूनच आपल्या मुलीला प्रश्न पडला. दोघांची मैत्री करून दिली, तर तिला विचारण्यासारखे काही राहणार नाही.

प्रतिसाद २

वरील मताशी मी पूर्ण सहमत नाही, कारण सांगणाऱ्यांनी या गोष्टी नेहमीच बदलल्या आहेत. चिमणी-कावळ्याच्या गोष्टीचाही शेवट घरोघर वेगळा ऐकू येतो. मात्र बदलाचा भार कोणावर पडतो, हे पाहावे. जर्मनीत ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत हिमगौरीच्या जिवावर उठलेली राणी तिची सख्खी आई होती. १८१९ च्या आवृत्तीत ती सावत्र झाली. आईची प्रतिमा सांभाळली गेली खरी, पण पुढच्या असंख्य मुलांच्या मनात सावत्र आईविषयी भय बसले.

गोष्टी लोप पावत असल्याची चिंताही नवी नाही. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्याकडे आया असलेल्या ॲना लिबराता डिसोझा यांनी आजीकडून ऐकलेल्या गोष्टी गव्हर्नरांच्या मुलीला, मेरी फ्रियर यांना, सांगितल्या आणि त्या १८६८ मध्ये लंडनमध्ये छापल्या गेल्या. पूर्वी म्हाताऱ्या माणसांना गोष्टी सांगण्याची आवड होती, आता त्यांना पैशाखेरीज काही सुचत नाही, अशी खंत ॲना यांनी त्याच वेळी बोलून दाखवली होती.

प्रतिसाद ३

काय उरते, या मूळ प्रश्नाचे उत्तर मला श्रावणी सोमवारच्या खुलभर दुधाच्या कहाणीत सापडते. महादेवाचा गाभारा दुधाने भरावा म्हणून राजा दवंडी पिटवतो आणि गावातले सगळे दूध देवळात आणायला लावतो. धाकापोटी लोक वासरांना पाजत नाहीत, मुलांना देत नाहीत, घरातले सारे दूध गाभाऱ्यात ओततात. तरी गाभारा भरत नाही. दुपारी एक म्हातारी घरचे काम आटोपून, मुलाबाळांना खाऊ घालून, गाईवासरांची व्यवस्था करून खुलभर दूध घेऊन येते, मनोभावे पूजा करून ते वाहते आणि गाभारा काठोकाठ भरतो. पुढे राजा तिला गाठतो, तेव्हा ती अभय मागून घेते आणि मगच त्याला ऐकवते, की तुझ्या आज्ञेने वासरांचे आणि मुलांचे जीव तळमळले, ते देवाला आवडले नाही. राजाच्या तोंडावर एवढे बोलण्याची हिंमत कहाणीने एका निर्धन म्हातारीला दिली आहे आणि देवालाही तिच्या बाजूने उभे केले आहे. सत्तेविषयी आणि भक्तीविषयी याहून धीट विचार पाच वर्षांच्या मुलाला कळेल अशा रीतीने मांडलेला मला अन्यत्र आढळलेला नाही, आणि त्यातला एक शब्दही सौम्य करण्याची गरज नाही.

सगळ्याच कहाण्या इतक्या उंचीच्या नाहीत. घेतला वसा टाकल्याबद्दल एखादीवर दारिद्र्य ओढवते, नावडत्या सुनेला गुराखीण करून राजा सुखात राहतो. अशा कहाण्या मी माझ्या मुलांना ती वाद घालण्याइतकी मोठी झाल्यावर सांगितल्या, पण सांगितल्या जशाच्या तशा. तेव्हा तव्याचा प्रसंग आपण हवा तर दोन-तीन वर्षे वगळावा. चिमणीचे दार मात्र लवकर उघडू नये.