पाचशे रुपयांत फेस पेंटिंग? लेकराचा गाल म्हणजे ड्रॉइंग पेपर नाही

परभणीचा मास्तर
काल ग्रुपवर एका ताईंची पोस्ट फिरायली होती : "गॅदरिंगचा सीझन आलाय. पाचशे रुपयांत फेस पेंटिंग सुरू करा. स्टेशनरीतून पोस्टर कलर, दोन ब्रश, चमकीची पुडी. पहिल्याच यात्रेत भांडवल वसूल." खाली नुसते अंगठे अन् "वा ताई". हे रंग कातडीला चालतात का, एवढं एकानं विचारलं नाही. मनून लिहायलोय.

पोस्टर कलर अन् ॲक्रिलिक कागदासाठी असतात. डबीवर नॉन-टॉक्सिक छापलेलं असतं, त्याचा अर्थ घामेजल्या गालावर चार तास ठेवा असा होत नाही. ॲक्रिलिक वाळलं की प्लास्टिकचा पापुद्रा होतो, काढताना लेकराची लव उपटते. चमकीचं तर विचारूच नका. क्राफ्टची चमकी कडेनं धारदार असते. डोळ्यात गेली अन् पोरानं डोळा चोळला की बुबुळावर ओरखडा. चेहऱ्यासाठीची चमकी वेगळी मिळते, बारीक.

2020 चे कॉस्मेटिक्स रूल्स आहेत आपल्याकडं. चेहऱ्याला लावायच्या मालावर बॅच नंबर, कधीपर्यंत वापरायचा ती तारीख अन् उत्पादन परवान्याचा नंबर लागतो. बाहेरचा माल असंल तर आयात नोंदणीचा नंबर. ज्या डबीवर हे नाही ती लांब ठेवा, वाघ कितीही झकास निघू द्या. तीन वर्षांखालचं लेकरू असंल तर तोंडाला हातच लावायचा नाही. फोड, नायटा, जखम, आलेले डोळे दिसले तर सरळ नाही म्हणायचं, आई रुसली तरी. 2023 च्या पावसाळ्यातली डोळ्यांची साथ विसरलात का? आणि प्रत्येक लेकराला धुतलेला स्पंज, ताजं पाणी. एवढं जमत नसंल तर फुगे विका.

बचतगटवाली
मीच ती ताई. मास्तर, तुमचा पगार एक तारखेला येतो ना? मग फुगे विका म्हणायला काय जातंय. माळेगावच्या यात्रेत वाघाला तीस रुपये सांगते, मायबाप वीसवर आणतात. तुमच्या त्या नंबरवाल्या डब्या आमच्या तालुक्यात एका दुकानात दाखवा. दोन सीझन झाले, एकाही लेकराला काही झालं नाही. होळीला तुम्ही पोरांना काय गुलाबपाणी लावता?

नर्सबाई, जालना
काही झालं नाही हे तुम्हाला कळणार कसं ताई? पुरळ दुसऱ्या दिवशी उठतं, तोवर तुमची यात्रा उठलेली असते.

माझ्या पुतण्याला गॅदरिंगमध्ये पुतळा केला होता. खिडकीच्या ग्रिलला मारतात तो चंदेरी रंग लावला पोराला! निघेना तेव्हा सर थिनरचा बोळा घेऊन आले. कानामागं अन् गळ्याखाली लालभडक चट्टे. शर्टाची कॉलर घासली की पोरगं कळवळायचं. त्याचा तो फोटो अजून शाळेच्या व्हरांड्यात आहे, पहिला नंबर आला मनून.

वाढदिवसाची ऑर्डर असंल तर आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला ठिपका लावून 24 तास बघा. यात्रेत ते जमत नाही हे मान्य. निदान आईला विचारा, याला कशाची ॲलर्जी आहे का. अन् फोटो स्टेटसला टाकायच्या आधी पण विचारा.

भारूडवाला, पैठण
सगळ्यालाच घाबरायलेत लोक. आमच्या घरात नाथांची भारुडं पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. आजोबा सफेदा, मुर्दाडशिंग लावून रात्र रात्र सोंगं काढायचे. ठणठणीत होते.

नर्सबाई, जालना
मुर्दाडशिंग म्हणजे शिशाची भुकटी आहे दादा. आजोबांना त्रास झालाच नाही का कुणी तपासलाच नाही?

भारूडवाला, पैठण
माझ्या आजोबांवर जायचं काम नाही.

लातूरकर
ते राहू द्या. मास्तर, "ताजं पाणी" हे कुणाला सांगायलात? 2016 ला मांजरा धरण आटलं तेव्हा मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं आम्हाला. घागरी घेऊन रांगेत उभं राहिलेल्या माणसाला पोराच्या गालावरचं फुलपाखरू धुवायला सांगता?

संभाजीनगरवाली
अगदी! जायकवाडी हाकेच्या अंतरावर अन् नळ किती दिवसांनी येईल त्याचा नेम नाही. आमच्या सोसायटीत टँकरवरून दोन घरं बोलत नाहीत एकमेकांशी.

बीडचा बागायतदार
धरणं आटतात कारण नदीच्या वरच्या अंगाचे लोक पाणी सोडत नाहीत. वर्षानुवर्षं तेच.

लातूरकर
वरच्यांना कशाला दोष देता? आपणच मांजराकाठी ऊस लावला ना. उसाला पाणी आहे, घागरीला नाही.

बीडचा बागायतदार
ऊस लावला की तुमच्या पोटात दुखतं. सोयाबीनला भाव देता का तुम्ही? शेती करून बघा एकदा, मग बोला.

लातूरकर
वडील शेतीच करायचे. बोअर आटला मनून शहरात आलो. शिकवू नका.

परभणीचा मास्तर
उसाचा धागा वेगळा काढा बाबांनो! इथं लेकरांच्या तोंडाचं चाललंय.

संभाजीनगरवाली
धागा तुम्हीच काढला मास्तर, पाण्याचं नाव तुम्हीच काढलं.

नर्सबाई, जालना
पाणी कमी लागतंय, ऐका. मेकअपचे स्पंज कात्रीनं कापून तुकडे करा. एका लेकराला एक तुकडा, काम झालं की तो वापरलेल्यांच्या पिशवीत. पुन्हा डबीत बुडवायचा नाही. संध्याकाळी सगळे एकदम साबणानं धुवायचे अन् गच्चीवर वाळवायचे, ऊन तर आपल्याकडं फुकट आहे. उरलं ब्रशचं पाणी, त्याला दोन बाटल्या. एकीत खळबळा, दुसरीत निथळा, गढूळ झालं की ओता. उसाला लागतं तेवढं नाही लागत.

बीडचा बागायतदार
टोमणा कळला.

बचतगटवाली
तुकड्यांचं बरं सांगितलं नर्सबाईंनी. मास्तरांनी एवढं लांबलचक लिहिलं, त्यात हे एक कामाचं नव्हतं. डब्या ऑनलाइन मागवते. सगळे रंग नाही परवडत. काळा, पांढरा, पिवळा, लाल घेते, वाघ अन् फुलपाखरू त्यात भागतं. चमकी बंदच करते, नाहीतरी ती माझ्याच डोळ्यात जाते. पण दर साठ करणार. लोक भांडले तर मास्तरांचा नंबर देईन.

परभणीचा मास्तर
द्या की. लेबल दाखवलं तर देतील साठ.

नांदेडकर
यात्रेत लेबल वाचायला कोण थांबतंय मास्तर? शेजारच्या ठेल्यावर वीसमध्ये पोस्टर कलर चालूच राहणार, गर्दी तिकडं. त्या ठेलेवाल्याला कोण सांगणार ते आधी ठरवा.

बचतगटवाली
तो माझा दीरच आहे. मी सांगते.