रिंगा टांगण्यासाठी स्वस्त पण खात्रीचे सामान कोठे मिळेल?

प्रश्न :
पुण्यात सिंहगड रस्त्यावर आमची सदनिका आहे. स्लॅब नेहमीचा आरसीसी असून हॉलच्या मधोमध एक बीम खाली आलेला आहे. तेथे व्यायामाच्या लाकडी रिंगांची जोडी टांगण्याचा विचार आहे. माझे वजन ७४ किलो आहे. रिंगा स्वस्तात मिळाल्या, परंतु त्या टांगण्याचे तयार ब्रॅकेट पाहिले, तर त्याची किंमत रिंगांच्या दुपटीहून अधिक निघाली. हेच सामान सुटे घेतले तर खर्च आवाक्यात येईल का, आणि नेमके काय घ्यावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १ :
नक्कीच येईल. रविवार पेठेतील बोहरी आळीत एक फेरी मारा. मुंबईकरांसाठी नागदेवी स्ट्रीट आहे. दोन्ही बाजारांत साखळी किलोच्या भावाने मिळते आणि दुकानदार हवी तेवढी तोडून देतो. आपल्याला दोन आय बोल्ट (एका टोकाला कडे असलेले बोल्ट), दोन डी-शॅकल (आडवी पिन असलेले, इंग्रजी डी अक्षराच्या आकाराचे जोडकडे) आणि थोडी साखळी लागेल. आय बोल्ट घेताना त्याचे कडे बारकाईने पाहावे. सळई वाकवून टोक नुसते दांड्याला टेकवलेले असेल, तर ओझ्याखाली ते हळूहळू उघडते. म्हणून कडे अखंड, घडीव असलेलाच बोल्ट मागावा. शॅकलवर भारक्षमतेचा आकडा उठवलेला असतो, तो नसेल तर दुसरे घ्यावे. किल्ल्या अडकवण्याच्या रंगीत क्लिपा या कामाच्या नव्हेत, मग त्या कितीही जाड दिसोत.

प्रतिसाद २ :
सामानाविषयी वरील मताशी सहमत आहे, मात्र स्लॅबला खालून भोक पाडण्यापूर्वी थांबावे. घरांचा स्लॅब बहुधा ४ ते ५ इंचांचाच असतो, त्यातून विजेचे पाइप गेलेले असतात, आणि वजन सरळ खाली ओढत असल्यामुळे अँकर फास्टनर (भोकात फुगून घट्ट बसणारा बोल्ट) केवळ काँक्रीटमधील पकडीवर तग धरून राहतो. शिवाय झोका घेताना किंवा झटक्याने वर चढताना बसणारा ताण शरीराच्या वजनाहून बराच अधिक असतो.

आपल्याकडे बीम आहे, त्याचा उपयोग करावा. जवळच्या फॅब्रिकेटरकडून ६ मिलिमीटर जाडीच्या दोन लोखंडी पट्ट्या कापून, प्रत्येकीला दोन भोके पाडून खाली कडे वेल्ड करून घ्यावे आणि त्या बीमच्या उभ्या बाजूस, उंचीच्या साधारण मध्यावर बसवाव्यात. बीमच्या तळाशी मुख्य सळया असतात, तेथे ड्रिल लावूच नये. दोन कड्यांमध्ये ५० सेंटिमीटर अंतर ठेवावे, कारण जिम्नॅस्टिक्समधील रिंगांचे अंतरही तेवढेच असते. खरी बचत या पट्ट्यांत आहे. फास्टनर मात्र नामांकित कंपनीचेच घ्यावेत, भोक त्यावर लिहिलेल्या मापाचेच पाडावे आणि आतली भुकटी फुंकून पूर्ण काढावी. भुकटी राहिली की पकड बसत नाही, आणि घाईच्या कामात हीच गोष्ट हमखास राहून जाते.

प्रश्नकर्ता :
मनःपूर्वक आभार. बीमऐवजी शेजारच्या सिपोरेक्सच्या (हलक्या काँक्रीट ठोकळ्यांच्या) भिंतीत पट्ट्या बसवल्या तर चालेल का? तेथे जागा अधिक मोकळी आहे.

प्रतिसाद २ :
नाही. तो ठोकळा हलका व सच्छिद्र असल्याने फास्टनर फुगताना त्याचा भुगा होतो. बीमच धरावा.

प्रतिसाद ३ :
आणखी एक गोष्ट पाहून घ्या. अनेक घरांत झोपाळ्यासाठी स्लॅब ओततानाच आतल्या सळयांना अडकवून कड्या सोडलेल्या असतात आणि पुढे झोपाळा निघाला की त्या रंगाखाली किंवा पीओपीखाली झाकल्या जातात. आपल्याकडे तशा असतील, तर त्यांच्याइतका स्वस्त आणि भक्कम आधार दुसरा नाही. फक्त त्या गंजून बारीक झालेल्या नाहीत ना, हे खरवडून तपासावे.

आधार कोणताही असो, स्वतः लटकण्यापूर्वी सिमेंटची ५० किलोंची तीन पोती जमिनीपासून वीतभर उंचीवर रात्रभर टांगून ठेवावीत. सकाळी पट्टी सरकलेली किंवा फास्टनरभोवती केसासारखी चीर दिसली, तर तो बोल्ट पुन्हा आवळू नये. तो काढून दुसऱ्या जागी नवे भोक घ्यावे.